पर्स छातीशी धरून

मराठी ही माझ्यासाठी कायम घरात घालायची भाषा होती, गाऊनसारखी. बाहेर पडताना ती खुंटीला टांगायची आणि बंगाली नाहीतर हिंदी अंगावर चढवायची. मी कोलकात्यात जन्मले, तिथल्याच बेहाला भागात वाढले. बाबा बँकेच्या बदलीवर इथे आले होते. पुढची बदली आली तेव्हा आईला इथल्या शाळेत नोकरी लागली होती, म्हणून राहून गेले. बाबा वारल्यावर घरात मराठी बोलायला आम्ही दोघीच उरलो, आणि दोघींचं बोलणं असं असून असून काय असणार? गॅस बंद केलास का, इस्त्रीचे कपडे आले का. आई म्हणायची, तुझ्या मराठीत भातात खडे यावेत तसे बंगाली शब्द येतात.

तशात तो आला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. हे माझ्या मनाच्या मोठेपणापोटी नाही. त्याचं नाव आजवर भरपूर ठिकाणी छापून आलं आहे, त्यात माझी भर नको.

मी तेव्हा इथल्याच एका संस्थेत खगोलशास्त्रात पीएचडी करत होते. विषय सांगायला सोपा आहे. प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे गॅलॅक्सीच्या, मध्यात एक अजस्र कृष्णविवर असतं. बहुतेक विवरं झोपलेली असतात. ज्यांच्या तोंडात वायू पडतो ती मात्र अशी उजळतात की पडणारा वायू सगळ्या दीर्घिकेपेक्षा जास्त चमकतो. आता काही दीर्घिका एकट्यादुकट्या राहतात, काही शेकड्यांनी एकत्र समूहात राहतात. प्रश्न असा, की दीर्घिका गर्दीत राहायला गेली तर तिच्या विवराला जास्त खायला मिळतं की ते उपाशी मरतं? एवढ्या एका प्रश्नावर मी माझी उमेदीची वर्षं घातली. आईच्या मैत्रिणी विचारायच्या, मुलगी काय करते? आई सांगायची, आकाशातल्या खादाडांचा अभ्यास करते.

तो आमच्या गटात आला तो पीएचडी संपवून, दोन-तीन वर्षांच्या कामावर. माझ्याहून थोडा मोठा, मूळचा नाशिककडचा. इथल्या मराठी मंडळींत एक जुनी चाल आहे. कुणी एकटं माणूस बदलीवर किंवा नोकरीवर आलं, की त्याची नीट जेवणाची सोय लागेपर्यंत घराघरांनी रविवार वाटून घ्यायचे. त्याचे रविवार आमच्याकडे आले आणि सोय लागल्यावरही आमच्याकडेच राहिले. आईने त्याला जणू दत्तकच घेतलं. तो स्वच्छ, गोड मराठी बोलायचा, वरणभातावर लिंबू पिळताना 'वा काकू' म्हणायचा. माझ्या एखाद्या वाक्याला हसून ते दुरुस्त करायचा आणि आई लगेच म्हणायची, "शीक जरा त्याच्याकडून." मी शिकले. खरं सांगायचं तर मला आवडायचं ते. प्रेमबिम नव्हतं, आई मनात काय मांडे खात होती ते तिचं तिला माहीत. मला त्याच्याशी मराठीत विज्ञान बोलायला आवडायचं. तोवर माझ्यासाठी मराठीत फक्त भाज्या आणि नातेवाईक होते. आता त्यात दीर्घिका आल्या.

संस्थेच्या कॅन्टीनमध्ये आमचं सहा-सात जणांचं टेबल ठरलेलं असे. सगळे बंगालीत बोलत, आम्ही दोघं एका कोपऱ्यात मराठीत. इतर कुणाला ते खटकत नसे. मी त्याच्याशी बोलायचे ते पोटातलं. इंग्रजीत बोललं की ते काम व्हायचं, चूक निघाली तर नोंद व्हायची. मराठीत मी वेडंवाकडं काहीही बोलू शकत होते. कितीतरी कच्च्या कल्पना मी त्या टेबलावर चहाबरोबर मांडल्या आणि त्याने तिथेच हसून मोडल्या. घरातलं बोलणं घरातच राहतं, असं मी धरून चालले होते. आम्हाला इथे लहानपणापासून तेच तर शिकवलेलं असतं. बसमध्ये, दुकानात, कुणाच्या घरी, काही खासगी सांगायचं असलं की आई पटकन मराठीत बोलते. मराठी म्हणजे दार लावून घेणं.

आमच्या सरांचा एक नियम होता. दर शुक्रवारी दुपारी गट जमायचा, आणि कल्पना ज्याने आधी फळ्यावर मांडली त्याची. बाकीचे मदत करतील, आकडे सगळ्यांचे, संगणक सगळ्यांचा, पण कल्पना फळ्यावाल्याची. सर मोबाइलवर फळ्याचा फोटो काढायचे की झालं. या नियमामुळे आमच्याकडे भांडणं होत नाहीत, असं सर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

माझी कल्पना मला सापडली ती आईच्या पर्समधून.

आईची शाळा उपनगरी गाडीच्या मार्गावर, शहराबाहेर. सकाळी सियालदह स्टेशनवर बाहेरगावच्या गाड्या रिकाम्या होतात आणि माणसांचा लोट शहरात शिरतो. आईला नेमकं उलटं, त्या लोटाच्या तोंडावर चालत आत जाऊन गाडी पकडायची असे. गर्दीत पाय टाकण्याआधी ती खांद्यावरची पर्स काढायची आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची. "जे लोंबतं ते लोक ओढून नेतात," ती सांगायची. तिची छत्री गेली, शाल गेली, एकदा तर डब्याची पिशवी गेली. "पण छातीशी धरलेलं आणखीच आत दाबलं जातं. लोकांचे धक्केच ते दाबून धरतात."

एका रविवारी जेवताना ती हे त्याला सांगत होती, उठून, पर्स छातीशी धरून, साभिनय. आणि माझा घास हातातच राहिला. समूहात दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे तापलेला वायू भरलेला असतो. बाहेरची दीर्घिका वेगाने आत शिरते तेव्हा तो वायू तिला समोरून वाऱ्यासारखा लागतो. तिच्या कडेचा सैल वायू तो ओढून नेतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण थोडा वायू आत, पार मध्यापर्यंत दाबला जात असेल तर? मध्यात विवर बसलेलं. त्याच्या तोंडात आयता घास पडेल. म्हणजे माझी उजळलेली विवरं गर्दीच्या मध्यात शोधायचीच नाहीत. ती उंबऱ्यावर, नुकतीच आत शिरणाऱ्या दीर्घिकांत सापडतील. मध्यात पोचेपर्यंत सगळं लुटलं गेलेलं असतं आणि विवर उपाशी झोपतं.

मी हे तिथल्या तिथे बडबडले. खरकट्या हाताने ताटाच्या कडेला भाताची शितं मांडून दाखवली. आई म्हणाली, "म्हणजे माझी पर्स आकाशात गेली म्हण की." तो शितांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "छान आहे. तपासून बघ."

मी बघितलं. पुढचे कितीतरी आठवडे मी दुसरं काही केलं नाही, आणि निदान माझ्या समूहांत तरी ते खरं दिसत होतं. मी येत्या शुक्रवारी फळ्यावर मांडते, असं त्याला कॅन्टीनमध्ये सांगितलं.

"घाई करू नकोस," तो म्हणाला. "आधी उपरे काढ."

हा आमच्या कामातला जुना रोग आहे. आकाश आपल्याला सपाट दिसतं. एखादी दीर्घिका समूहाच्या कितीतरी पुढे किंवा मागे असते, पण एकाच रेषेत आल्यामुळे समूहातलीच वाटते. अशांना तो उपरे म्हणायचा. प्रत्येकीच्या प्रकाशावरून तिचा वेग काढायचा आणि ठरवायचं, ही घरची की नुसती रेषेत उभी. कडेच्या भागात हे सगळ्यात अवघड जातं, आणि माझं सगळं म्हणणं तर कडेवरच उभं होतं. "एकाने जरी विचारलं की यातल्या निम्म्या उपऱ्या कशावरून नाहीत, तर काय सांगशील?" तो म्हणाला. "हसं होईल तुझं." मला ते पटलं. खरोखरच योग्य सल्ला होता, आजही मी माझ्या विद्यार्थ्यांना तोच देते. मी उपरे काढत बसले. एकेक दीर्घिका हाताने तपासली आणि स्वच्छ केलेले आकडे गटाच्या संगणकावर ठेवत गेले, सगळ्यांना वापरता यावेत म्हणून.

त्याच सुमाराला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी तिला डॉक्टरांकडे दाखवायला न्यायचं होतं, म्हणून मी सरांना येणार नाही असं कळवलं. त्याने सकाळी फोन करून आईची चौकशी केली. "काकूंना सांभाळून ने, इकडचं मी बघतो," म्हणाला. डॉक्टरांनी भराभर मोकळं केलं. आईला घरी सोडून, वाढून देऊन मी तरीही संस्थेत गेले, उशिरा का होईना.

बैठकीच्या खोलीचं दार मी हळूच उघडलं. तो फळ्यापाशी उभा होता. त्याने लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती आणि तो खांदे आत घेऊन, अगदी माझ्या आईसारखा, एका अदृश्य गर्दीत शिरत होता. "सकाळचं सियालदह डोळ्यांपुढे आणा," तो इंग्रजीत सांगत होता. सगळे हसत होते. बंगाली माणसाला त्याच्या विज्ञानात सियालदह भेटलं तर तो हसणारच. फळ्यावर कडेला उजळलेली विवरं होती, मध्यात झोपलेली. त्याने मला पाहिलं. बॅग क्षणभर खाली आली, मग त्याने ती पुन्हा वर घेतली आणि वाक्य पुरं केलं. सरांनी फोटो काढला.

हा मुलगा आयुष्यात कधी सकाळी सियालदहला गेला नव्हता. तो संस्थेपासून पायी अंतरावर राहायचा.

मी एक मूर्खपणा केला: गप्प बसले. मला वाटलं, शेवटी तो म्हणेल, ही कल्पना हिची. तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिला. कुणीतरी उपऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, ते सगळे काढलेत, आकडे स्वच्छ आहेत. कुणी काढले ते काही बोलला नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "हे काय केलंस तू?" मी मराठीत विचारलं.

त्याने मला इंग्रजीत उत्तर दिलं. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. कल्पना कुणा एकाची नसते, चर्चेतून ती घडते, आपण दोघंही तिथपर्यंत पोचलोच होतो, असं काहीसं म्हणाला. शब्द नेमके आता आठवत नाहीत, पण ती इंग्रजी आठवते. माझ्या तोंडावर दार लावलं होतं आणि मी बाहेर उभी होते. केसाने गळा कापला म्हणतात तो असा.

सर भला माणूस. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं, पूर्ण ऐकलं. पीएचडीचा कणा जात होता, ते त्यांनाही कळत होतं. कल्पना त्याची ठरली तर माझ्या प्रबंधात उरणार होती ती फक्त साफसफाई. ते म्हणाले, "मला तुझं खरं वाटतं. पण फळ्याचा नियम मी नुसत्या वाटण्यावर कसा मोडू? तू हे आधी बोलली होतीस, असं ऐकलेलं कुणी आहे?"

कुणी आहे? अख्खं टेबल होतं! मी धावत माझ्या मैत्रिणीकडे गेले. ती रोज माझ्या शेजारी बसायची, माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी खायची. तिने बिचारीने आठवून आठवून पाहिलं. "आमरा तो भाबताम तोरा बाडीर गल्पो कोरछिश," ती म्हणाली. आम्हाला वाटायचं तुम्ही घरच्या गप्पा मारताय. बाकीच्यांचंही तेच. इतके महिने सगळे तिथे बसले होते आणि एकानेही एक अक्षर ऐकलं नव्हतं. मी ज्या दाराआड निर्धास्त होते, त्याच दाराआड लुटले गेले होते.

मग मला आई आठवली. आईने सगळं ऐकलं होतं, तिच्यादेखत झालं होतं, पर्स तिचीच होती! सरांना मी तसं सांगितलं. "चालेल," ते म्हणाले. "शिक्षिका आहेत, उगीच बोलणार नाहीत. मी आता लगेचच फोन करतो. आधी तू काही बोलू नकोस म्हणजे झालं." त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला, नमस्कार केला, डोळ्यांची चौकशी केली, आणि बंगालीत सरळ विचारलं: त्या रविवारी जेवताना सियालदहची गोष्ट विवरांशी कुणी जोडली?

पलीकडे मला आमच्या घरचा पंखा ऐकू येत होता.

"ओरा दुजनेई बोलतो," आई म्हणाली. दोघंही बोलायचे. "आमि तो रान्नाघोरे थाकताम." मी तर स्वयंपाकघरात असायचे.

सरांनी धन्यवाद म्हणून फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, चष्मा पुसत बसले.

घरी पोचले तेव्हा टेबलावर मिठाईचा खोका होता. आई काळा चष्मा लावून बसली होती. "तो येऊन गेला ना?" मी विचारलं. कालच येऊन गेला होता, माझ्या माघारी, डोळे कसे आहेत बघायला. पुण्याला जागा निघाली आहे म्हणाला. हे काम त्याच्या नावावर लागलं तर घरच्यांजवळ जाता येईल, आईवडील थकलेत, म्हणाला. आईला वाकून नमस्कार केला. मागितलं असं काहीच नाही.

"आणि तू खोटं बोललीस," मी म्हटलं.

"मग काय करू? सरांपुढे त्याला चोर म्हणू?" आईचा आवाज चढला. "आपलं माणूस आहे ते. इथे आपण मूठभर लोक. आपली लाज आपणच परक्यांपुढे काढायची? तुझे बाबा असते तर त्यांनीही काढली नसती. तू इथलीच आहेस, सर तुझे आहेत, तुला दुसरं काही सुचेल. तो किती लांबून आलाय."

"मी कोण आहे मग, आई? मी आपलं माणूस नाही?"

"तू माझी मुलगी आहेस," ती म्हणाली, जणू हे त्याच्याहून काही वेगळंच होतं. "मुलीला सोसायला सांगता येतं."

त्याचा राग मला आला तो आजही आहे; तो चोर निघाला, संपलं. आईचं तसं नाही. चोराने चोरी केली, पण कुंपणाने शेत खावं? मी त्या रात्री तिच्याशी बोलले नाही आणि पुढे कितीतरी वर्षं जे बोलले ते बंगालीत. तिला ते लागायचं. लागावं म्हणूनच बोलत होते.

त्याला पुण्याची जागा मिळाली. मी उपऱ्यांवर प्रबंध लिहिला: समूहात कोण खरं आहे आणि कोण नुसतं रेषेत उभं आहे, हे ओळखायची एक जरा बरी रीत. लोक ती वापरतात. तोही वापरतो.

त्याचा लेख छापून आला तेव्हा आईने तो मागितला. इंग्रजी तिला येतं, पण विज्ञान नको म्हणाली, शेवटचे आभार तेवढे वाच. त्यात लिहिलं होतं, की कोलकात्यातल्या एका मराठी कुटुंबाच्या रविवारच्या जेवणांबद्दल लेखक ऋणी आहे. आईचा चेहरा उजळला. "बघ, विसरला नाही." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुझं नाव आहे?"

"आहे," मी बंगालीत म्हटलं. होतंच. उपयुक्त चर्चेबद्दल.

"मग झालं तर," ती म्हणाली, पण लेख तिने पुन्हा मागितला नाही.

या हिवाळ्यात तिच्या जुन्या शाळेत काही कार्यक्रम होता. निवृत्त झाल्यापासून ती त्या बाजूला गेली नव्हती, म्हणून मी सोबत निघाले. सियालदहला आम्ही पोचलो ते नेमके सकाळी. समोरून माणसांचा लोट येत होता, भाजीच्या टोपल्या, फुलांचे भारे, ऑफिसच्या बॅगा. आईचा हात सवयीने खांद्याकडे गेला. तिने पर्स काढली, दोन्ही हातांनी छातीशी घेतली, आणि तिची नजर माझ्याकडे वळली. तिने पर्स खाली सोडली. लोंबू दिली तशीच, एका हातात.

"धर ना नीट," मी म्हटलं. किती वर्षांनी तिच्याशी मराठीत बोलले. "नेतील कुणीतरी ओढून. तुझी सवय आहे ना ती."

"नाही गं," आई म्हणाली. "ते तुझं होतं. तूच बोलली होतीस, ताटात शितं मांडून. मी स्वयंपाकघरात नव्हते. मी समोर बसले होते, मी सगळं ऐकलं होतं."

तिने ते मोठ्याने सांगितलं, वर्गात सांगावं तसं, अगदी स्वच्छ. आमच्या दोन्ही बाजूंनी हजारो माणसं धक्के देत जात होती, आणि त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं.